खुलासा : गोव्याखाली लाव्हाचा समुद्र नाही

‘सत्तरी तालुक्यातल्या काळ्या दगडाच्या रसायनावरून सिद्ध झालं, गोव्याखाली लाव्हा उकळतोय, ज्वालामुखी कधीही फुटेल’ असा मेसेज फिरतोय. काल वाळपईहून मावशीचा घाबरून फोन आला, म्हणून लिहितो.

घाटमाथ्यावरचा काळा कातळ लाव्हाचाच, हे खरं. पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजला. गोव्याचा बराचसा भाग तर त्याहून कितीतरी जुन्या, अब्जावधी वर्षांच्या खडकांवर बसलाय.

आपल्या पायाखालचं प्रावरण, म्हणजे भूकवचाच्या (पृथ्वीच्या वरच्या कठीण थराच्या) खालचा जाड थर, जवळपास सगळं घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र जातात. तप्त खडक वर सरकून दाब घटला, की त्याचा थोडा अंश वितळतो. तोच लाव्हा.

मग रसायन काय सांगतं? भूकवचात रुबिडियम हे मूलद्रव्य जास्त असतं आणि त्यातल्या किरणोत्सारी अणूंपासून हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ (स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याचा एक प्रकार) तयार होतं. त्यामुळे जुन्या कवचात स्ट्रॉन्शियम-८६च्या तुलनेत त्याचं प्रमाण वाढलेलं असतं. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटाचं नाव मिळालेल्या, याच काळ्या कातळाच्या थरांत हे प्रमाण कमी आहे. तो लाव्हा फारशी भेसळ न होता प्रावरणातून आला. त्यांच्याखालच्या बुशे नावाच्या थरांत ते बरंच जास्त, कारण वर येताना त्या लाव्हाने खंडाचं कवच पोटात घेतलं. मला हे विलक्षण वाटतं: दगडाचा एक तुकडा अख्खा प्रवास जपून ठेवतो. पण ही जुनी हकिगत आहे, उद्याचा इशारा नव्हे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.