रात्रपाळीचा माणूस हाताशी असू द्यावा

कारखान्याची जबाबदारी नव्यानेच आपल्या खांद्यावर आली असेल, तर अभिनंदन, आणि त्यासोबत एक सूचना : अपघात केव्हा होईल हे आपल्या हातात नसले, तरी तो कोणाच्या हातून झाला असे म्हणायचे, हे आजच ठरवून ठेवावे. प्रसंग ओढवल्यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येतात, पत्रकार फाटकाशी ताटकळतात, मुख्यालयातून दर दहा मिनिटांनी फोन येतो, आणि त्या धांदलीत योग्य माणूस शोधत बसणे फार जिकिरीचे होते. अहवालात 'मानवी चूक' हे दोन शब्द शोभून दिसावेत यासाठी एक मानव लागतो, आणि तो व्यवस्थापनातील नसावा, एवढेच पथ्य आहे. व्यवस्थापनातील मंडळींकडून मुळात चुका होतच नाहीत. त्यांच्याकडून धोरणात्मक निर्णय होतात.

या कामी रात्रपाळीच्या ऑपरेटरइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. तो कंत्राटी असेल तर दुधात साखर. रिलीव्हर न आल्यामुळे त्याची सलग दुसरी पाळी चालू असावी आणि घटना पहाटे तीन-चारच्या सुमारास घडावी, म्हणजे 'डुलकी लागली असावी' हे वाक्य आपसूक सुचते; त्याला सोळा तास कोणी उभे केले, हा प्रश्न हजेरीपटाच्या पानांत दडून राहतो. कामाची कार्यपद्धती जाडजूड, इंग्रजीत आणि साहेबांच्या केबिनमधील कुलूपबंद कपाटात असावी. प्रशिक्षणाच्या वहीवर मात्र त्याची सही न चुकता घ्यावी. किंबहुना प्रशिक्षण राहिले तरी चालेल, सही राहता कामा नये.

यंत्रांची मांडणीही माणसाच्या चुकीला पोषक हवी. याचा उत्तम नमुना अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 च्या पहाटे पाहायला मिळाला. तेथे अणुभट्टीचा दाब कमी करण्यासाठी उघडलेला एक व्हॉल्व्ह पुन्हा बंद झालाच नाही, पण पॅनेलवरील दिवा मात्र विझला, कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवीतच नव्हता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला की नाही, एवढेच तो सांगत होता. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, ही समजूत ज्या दिव्यात बसवली आहे, तो दिवा कोणत्याही सरकारी कचेरीत शोभला असता. त्यात शंभराहून अधिक अलार्म एकदम वाजू लागले, नोंदी छापणारा संगणक तासाहून अधिक मागे पडला, आणि दोन तासांहून जास्त काळ पाणी त्या उघड्या वाटेने निघून जात राहिले. एवढ्या कोलाहलात योग्य तो एकच अलार्म ज्यांना ओळखता आला नाही, ते ऑपरेटर चुकले, हे कोणीही मान्य करील.

आपल्याकडे एवढा खर्च करण्याचे कारण नाही. मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली, तेथे टाकीची पातळी वाढल्याची सूचना देणारा बझर टाकी अर्धी रिकामी असतानाही दर पाच-दहा मिनिटांनी बोंबलत असे. दुरुस्तीची मागणी तीनदा वर गेली आणि तीनदा 'पुढील शटडाऊनमध्ये पाहू' असा शेरा घेऊन खाली आली. शेवटी कोणीतरी बझरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून वर चिकटपट्टी लावली. पुढे खंडेनवमी आली, पॅनेलची साग्रसंगीत पूजा झाली, हळदकुंकवाची बोटे नेमकी त्या चिकटपट्टीवर उमटली, झेंडूची माळ वरून लोंबली, आणि त्यानंतर तो बोळा काढण्याचे धाडस कोणालाच झाले नाही. धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या शेजारच्या इंटरलॉकला वळसा घालणारी लाल वायर होती, तिच्यावरील चिठ्ठीत 'तात्पुरते' असे लिहिले होते; मी नोकरी सोडली तेव्हा त्या चिठ्ठीवरची तारीख उडून गेली होती, वायर शाबूत होती. आता टाकी भरून वाहिली असती, तर बोळा कोणी कोंबला याचा तपास लागला असता की तीन मागण्यांवर शेरे कोणी मारले याचा, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला सांगायला नको.

ज्यांना हा विषय मोठ्या प्रमाणावर अभ्यासायचा आहे, त्यांनी भोपाळकडे पाहावे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, निसटलेला वायू धुऊन काढणारा स्क्रबर सज्ज अवस्थेत नव्हता, आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या पाइपाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचतच नव्हते. काटकसर म्हणून त्या विभागातील माणसे आधीच निम्म्यावर आणली होती. उपकरणांचे आकडे बेभरवशाचे असल्यामुळे दाब वाढलेला दिसला तरी त्यात कोणाला नवल वाटले नाही. साडेअकराच्या सुमारास वास आला, गळती दिसली, आणि चहा झाल्यावर पाहू असे ठरले. पाहा, यातला प्रत्येक निर्णय कागदावर, सही-शिक्क्यानिशी, खर्चाच्या रकान्यात कसा रास्त दिसतो! एक चहाच तेवढा अक्षम्य. पुढे हजारो माणसे गेल्यावर कंपनीने जो सिद्धान्त मांडला, तो या शास्त्रातील शिखर मानावा लागेल : कोणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. तीन सुरक्षा यंत्रणा बंद ठेवणाऱ्यांचा राग कोणावर होता, हा उपप्रश्न त्या सिद्धान्तात येत नाही.

अर्थात नशीब नेहमीच साथ देत नाही. बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून 6 मार्च 1987 रोजी 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही वाहनवाहू बोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली, काही मिनिटांत कलंडली आणि 193 माणसे मरण पावली. दरवाजे बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो सहायक आपल्या खोलीत झोपला होता. याहून तयार आरोपी कोणाला हवा? पण चौकशीत नसत्या गोष्टी बाहेर आल्या : दरवाजे बंद आहेत की नाहीत हे कप्तानाला त्याच्या जागेवरून दिसत नव्हते, म्हणून तेथे एक साधा दिवा बसवावा अशी मागणी कप्तानांनी पूर्वीच केली होती, आणि किनाऱ्यावरील एका व्यवस्थापकाने त्यावर, भांडारातला माणूस जागा आणि शुद्धीत आहे का हे सांगणारा दिवाही हवा का, अशा अर्थाची कोटी कागदावर केली होती. विनोद तोंडी करावा, हा धडा येथे घेण्यासारखा आहे. चौकशीच्या न्यायाधीशांनी मग ढिलाईचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत पसरला असल्याचे लिहून ठेवले. असे न्यायाधीश वारंवार भेटत नाहीत, म्हणून धीर सोडू नये. चेर्नोबिलचा दोष 1986 मध्ये प्रामुख्याने ऑपरेटरांच्या पदरात पडला होता. अणुभट्टीच्या रचनेतच मोठी खोट होती, हे आंतरराष्ट्रीय सल्लागार गटाने नव्या अहवालात ठळकपणे मांडले ते 1992 मध्ये, आणि तोवर शिक्षा सुनावून कितीतरी वर्षे झाली होती.

एका प्रवृत्तीपासून मात्र सावध राहावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे बॉम्बफेके वैमानिक विमान उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकेच आत ओढून घेत. त्यांना निष्काळजी ठरवून काम भागले असते. पण अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले, तर दोन्ही कळा सारख्याच दिसणाऱ्या आणि शेजारीशेजारी. त्याने चाकांच्या कळेला चाकासारखी मूठ बसवण्याचा उपाय काढला आणि चुका थांबल्या. अशा माणसाला कारखान्यात शिरू दिले, तर शिस्तभंगाच्या कारवाईसाठी काही उरणारच नाही.

सुरक्षेचा देखावा वर्षभर टवटवीत ठेवावा. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी सर्वांकडून हात पुढे करून शपथ घ्यावी, छातीला बिल्ले लावावेत, घोषवाक्य स्पर्धेत स्टीलचा डबा बक्षीस द्यावा. फाटकाजवळ 'अपघाताविना दिवस' असा फलक असतोच. त्यावरचा आकडा पवित्र मानावा. एखाद्या फिटरच्या बोटाला टाके पडले, तर त्याला घरी विश्रांती घेऊ न देता रिक्षाने आणून टाइम ऑफिसात बसवावे, म्हणजे कामाचा दिवस बुडत नाही आणि आकडा मोडत नाही. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद जो करील, त्याला त्याच दिवशी मेमो द्यावा. पुढच्या महिन्यापासून नोंदवही कोरी राहील आणि कोरी वही ऑडिटरला फार आवडते.

आणि शेवटी तो प्रसंग आलाच, तर डगमगू नये. ऑपरेटर शुद्धीवर असल्यास त्याचा खुलासा आधीच टाइप करून ठेवावा आणि सही कोठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारावी. त्याला निलंबित करावे, उरलेल्यांना दोन तासांचे पुनर्प्रशिक्षण द्यावे आणि अहवालात 'योग्य उपाययोजना करण्यात आली' असे लिहावे. पॅनेल तेच, वायर तीच. त्या पॅनेलसमोर दुसऱ्या दिवशीच नवा माणूस बसवावा, आणि अनुभवी सहकाऱ्याकरवी पहिल्याच रात्री त्याला समजावून सांगावे, की हा बझर अधूनमधून वाजतो, त्याकडे लक्ष द्यायचे नसते.