दुरावलेले घर आणि सप्ताहाचा पहारा

आमच्या परिचयातील एका निवृत्त दांपत्याने मध्यंतरी आपला एक निर्णय बोलून दाखवला. मुलगा हिंजवडीला, मुलगी परदेशात आणि सोलापुरातल्या घरात हे दोघेच. तेव्हा घर विकून एखाद्या आध्यात्मिक संस्थेच्या वसाहतीत कायमचे राहायला जावे, तिथे पहाटेची प्रार्थना असेल, एकत्र भोजन असेल, बोलायला चार समविचारी माणसे असतील, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. त्यांनी माझे मत विचारले. चहा पिता पिता सांगून होण्यासारखे ते नव्हते, शिवाय असा विचार करणारी घरे आपल्या शहरात पुष्कळ आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहीत आहे.

घरातला दुरावा कमी करण्याचे सामर्थ्य सामूहिक आध्यात्मिक जीवनात आहे, असे मी मानतो. मात्र ते सामर्थ्य प्रवचनातून किंवा शांत परिसरातून येते, असे मला वाटत नाही. लहानमोठ्या वयाच्या माणसांनी मिळून एखादे काम अंगावर घ्यावे, त्याची वेळ ठरलेली असावी आणि ते टाळण्याची मुभा कुणालाच नसावी, यातून ते येते. हे एकदा मान्य केले, तर कोणत्या समूहात जावे आणि कोणत्या समूहापासून दूर राहावे, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

दुराव्याचे खापर आपण मोबाईलवर फोडतो. सोलापूरकराने तरी इतक्या स्वस्तात सुटू नये, कारण घर एकत्र कशाने राहत होते, हे आपल्या पूर्व भागाने उघड्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांत घर आणि माग एकाच छताखाली असे. वडील मागावर, आई कांड्या भरायला, आजी तुटलेले सूत सोडवायला आणि शाळेतून आलेले पोर चादरीच्या घड्या घालायला, अशी विभागणी कुणी न सांगता होत असे. विडी वळणाऱ्या घरांतही तेच होते. पाने कापणारी एक, वळणारी दुसरी आणि दोरा गुंडाळणारी धाकटी. या काळाचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. त्या खोल्यांत धूळ होती, तंबाखूचा खकाणा होता, उचल घेतलेल्या पैशांचे ओझे होते आणि अर्ध्यावर सुटलेल्या शाळा होत्या. मुलांनी त्यातून बाहेर पडावे हीच आईबापांची इच्छा होती आणि ती रास्त होती. तथापि त्या कष्टांबरोबर आणखी एक गोष्ट घरातून गेली, तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. बापाला पोराशी बोलायला रोज काहीतरी निमित्त होते. सूत तुटले, रंग उतरला, व्यापाऱ्याने माल परत केला. भांडणे होत, पण ती दोघांच्या समान विषयावर होत.

गिरण्यांचे भोंगे थांबले, माग कमी झाले, मुले हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेली. आता आठवड्यातून दोनदा फोन येतो. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘पाऊस आहे का तिकडे?’ ‘आहे थोडा.’ त्यापुढे दोन्ही बाजूंना सुचत नाही. प्रेम आटले म्हणून हे होते असे मला वाटत नाही. दोघांच्या हातात एकच काम उरलेले नाही, म्हणून होते. मुलगा जे काम करतो ते बापाला समजत नाही आणि बापाचा दिवस कसा जातो यात मुलाला विचारण्यासारखे काही सापडत नाही. ज्या घरात आईवडील आणि मुले एकाच छताखाली आहेत, तिथेही चित्र फारसे वेगळे नसते.

सरकारने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी कायदा केला. मुले सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्त्याचा आदेश होऊ शकतो. कायदा आवश्यकच आहे, पण त्याची मजल पैशापर्यंत. संवादाची वसुली कोणत्याही कार्यालयातून होत नाही.

आता सप्ताहाकडे येतो. आमच्या भागातील विठ्ठल मंदिरात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असा सात दिवसांचा क्रम असतो. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद. बाहेरच्या माणसाला यात कीर्तन मोठे वाटते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वीणेचा पहारा. सप्ताह उभा राहिला की वीणा खाली टेकवायची नसते. ती गळ्यात घेऊन एकाने उभे राहायचे, नामस्मरण चालू ठेवायचे आणि पुढचा पहारेकरी आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मंदिराच्या दाराशी फळ्यावर खडूने नावे आणि वेळा लिहिलेल्या असतात. रात्री दोन ते चार ही वेळ कुणालाच नको असते, त्यामुळे ती बहुधा तरुण पोरांच्या माथी येते.

एका वर्षी दोन ते चार मुलगा आणि चार ते सहा वडील, असा क्रम फळ्यावर लागला होता. त्या दोघांचे घरात फारसे बोलणे नसे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. चार वाजायच्या आधी वडील आले, पाय धुतले, उपरणे सारखे केले. मुलाने वीणा गळ्यातून काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणे वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय पाहिले जात नाही. वडील वाकले. मुलगा गडबडला, मागे सरकला, आणि मग तोही वाकला. त्यानंतर घरी काही चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. तसे काही माझ्या कानावर आले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी मुलगा आईला विचारत होता, की पपांचे गुडघे दोन तास उभे राहून दुखत असतील, तर त्यांचा पहारा मी घेऊ का. घरात हा प्रश्न त्याला सुचला नसता, कारण घरात वडील दोन तास काय करतात ते त्याने पाहिलेलेच नव्हते.

हा गुण एकट्या वारकरी संप्रदायाचा नाही. आपल्या शहराचे ग्रामदैवतच मुळी श्रमातून उभे राहिलेले आहे. बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून तळे खणले, असे परंपरा सांगते. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातील शिवभक्तांच्या, विचारात कायक म्हणजे कष्टाचे काम आणि दासोह म्हणजे त्या कष्टाचे फळ वाटून खाणे, या दोन्हींना पूजेइतकेच स्थान होते. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज पाहावेत. ती उंच काठी कमरेशी पट्टा बांधून तोलायची म्हणजे आधी कित्येक दिवस सराव लागतो, आणि तो सराव मुरलेले जुने मानकरी मिसरूड फुटलेल्या पोरांकडून करून घेतात. बाराबंदी घातलेला आजोबा नातवाला ‘पाय रोव, वर बघू नको’ असे ओरडतो, तेव्हा त्या ओरडण्याचा नातवाला राग येत नाही. एरवी जेवणाच्या ताटावर हेच आजोबा काही बोलले, तर पोरगा उठून निघून जातो.

शरण परंपरेत अल्लमप्रभू आणि सिद्धराम यांच्या भेटीची कथा आहे. बाहेर एवढी कामे काढलीस, आत काय पाहिलेस, अशा अर्थाचा प्रश्न प्रभूंनी केला आणि पुढे सिद्धराम कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) शरणांत जाऊन मिळाले. मला ही कथा फार महत्त्वाची वाटते. नुसते राबणे म्हणजे सामाजिक संस्था. ती चांगलीच, पण तिथे माणूस आपले मोठेपण सोबत घेऊन येतो. अध्यात्म मध्ये आले की बापाला मुलापुढे वाकता येते, निवृत्त अधिकाऱ्याला पंगतीत पाणी वाढता येते, कारण वाकणे आणि वाढणे हे त्या माणसासाठी नसून देवासाठी आहे, अशी समजूत सर्वांनी आधीच करून घेतलेली असते. अभिमानाला एवढी पळवाट लागतेच.

मग कायमचे एकत्र राहण्याचे काय? त्याचेही प्रयोग आपल्यासमोर आहेत. विनोबांनी १९५९ साली पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथल्या भगिनी शेती, स्वयंपाक, स्वच्छता स्वतः करतात आणि निर्णय सर्वानुमते घेतात. सामूहिक साधनेचा इतका प्रामाणिक प्रयोग महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. परंतु त्या भगिनी ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन आल्या होत्या. दुरावलेले घर सांधणे हा त्यांचा हेतूच नव्हता. पुदुच्चेरीजवळचे ऑरोव्हिल हे सामूहिक जीवनाचे नगर १९६८ साली पन्नास हजार लोकांसाठी कल्पिले गेले, आणि पन्नासहून अधिक वर्षांनंतरही तिथली वस्ती काही हजारांच्या पुढे गेलेली नाही. इस्रायलमधील किब्बुत्झ, म्हणजे सामूहिक मालकीच्या वसाहती, धार्मिक प्रेरणेतून क्वचितच उभे राहिले, तरी त्यांचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे अनेक ठिकाणी मुलांना आईवडिलांजवळ न झोपवता बालगृहात ठेवत असत. हळूहळू आयांनीच मुले घरी मागितली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती पद्धत बंद पडली. घराची जागा घेऊ पाहणारा समूह माणसांना फार काळ मानवत नाही, असे मी यातून समजतो.

म्हणून कोणत्याही आश्रमाची, संस्थेची किंवा बैठकीची माझी कसोटी अशी, की तिथून माणूस घरी कसा परततो. घरी परतताना तो अधिक मऊ होऊन येत असेल, तर समूह चांगला. घरातल्यांना ‘संसारात बुडालेले’ म्हणू लागला असेल, मुलांच्या फोनपेक्षा सत्संगाच्या गटावरचे संदेश त्याला जवळचे वाटत असतील, आणि घराची कागदपत्रे संस्थेच्या नावे करण्याची घाई सुरू झाली असेल, तर दुराव्यावर औषध म्हणून दुसरा दुरावाच घेतला आहे, असे समजावे. माणूस एकटा पडला की तो किती लवकर कुणाच्या तरी ओंजळीने पाणी पिऊ लागतो, हे मी जवळून पाहिले आहे. एका ओळखीच्या वृद्धाच्या बाबतीत तर संस्थेतून फोन आल्याशिवाय दवाखान्यात जायचे की नाही, हेही ठरत नसे.

समूहाला कुंपण असते, हेही विसरता येत नाही. मंगळवेढ्याचे चोखोबा आयुष्यभर विठ्ठलाला आळवत राहिले आणि त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्यांना आत घेतले त्यांना आपलेपणा आणि ज्यांना घेतले नाही त्यांना पायरी, असा व्यवहार ज्या समूहात चालतो, तो घरातल्या माणसांना तरी काय शिकवणार?

बायकांचा प्रश्न याहून रोजचा आहे. एकत्र कुटुंब मोडले म्हणून हळहळणाऱ्या पुरुषांनी, त्या एकत्र कुटुंबातली चूल कोण सांभाळत होते, हे एकदा आपल्या आईला विचारावे. सप्ताहातही पोळ्या आणि भाकरी कुणाच्या हातच्या असतात, आणि पहाऱ्याच्या फळ्यावर नावे कुणाची असतात? बाईने वीणा घेऊ नये असे मानणारी मंडळी अजून आहेत. मला ते पटत नाही आणि मंदिराच्या बैठकीत मी तसे बोललोही आहे. जनाबाई आणि मुक्ताबाईचे अभंग रोज गायचे आणि त्यांच्या लेकींना वीणेपासून दूर ठेवायचे, यात कोणते शास्त्र आहे? सुनेला या सगळ्यातून जास्तीचा स्वयंपाकच मिळणार असेल, तर तिच्या दृष्टीने हा समूह म्हणजे आणखी एक सासर, आणि ती पुण्यात वेगळे बिऱ्हाड करील ते योग्यच करील.

पुण्या-मुंबईतली आपली मुले यात कशी येतील, ही खरी अडचण आहे. आळंदी ते पुणे असा वारीचा एक दिवस चालणारे आयटीतले तरुण दरवर्षी दिसतात. त्यांची चेष्टा मी करणार नाही, परंतु एका दिवसात दिंडी कळत नाही. आळंदी ते पंढरपूर या अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर एकाच राहुटीत झोपावे लागते, टँकरपुढे रांगेत उभे राहावे लागते, शेजाऱ्याचे घोरणे सोसावे लागते, आणि वेळापूर येईपर्यंत कुणाशी तरी एकदा कडाक्याचे भांडण होऊन मिटलेलेही असते. एवढी रजा प्रत्येकाला मिळणार नाही, हेही खरे.

सप्ताहाला मात्र दोन दिवस मिळू शकतात. सध्या आपण काय करतो, तर तिथी जवळ आली की मुलाला फोन करतो आणि महाप्रसादासाठी वर्गणी मागतो. तो मोबाईलवरून पैसे पाठवतो, आपण पावतीचा फोटो पाठवतो, आणि दोघेही मोकळे होतो. त्याऐवजी सप्ताहाच्या तारखा तीन महिने आधी कळवाव्यात, म्हणजे त्याला रजा टाकता येईल, आणि पैशाऐवजी त्याच्याकडे दोन तासांचा पहारा मागावा. सून येणार असेल तर तिचे नाव स्वयंपाकाच्या यादीत न घालता फळ्यावर, तिच्या स्वतःच्या नावाने लिहावे. आमच्या मंदिरात यंदा हा प्रस्ताव मी मांडणार आहे. विरोध होईल तो वीणेवरून, याची कल्पना आहे. तारखांना कुणी हरकत घेईल असे वाटत नाही.