चौघींतली जेड, एकटीची जेड

लिटल मिक्स या ब्रिटिश पॉप ग्रुपमधल्या जेड थर्लवॉलचा 'दॅट्स शोबिझ बेबी!' हा पहिला सोलो अल्बम १२ सप्टेंबर २०२५ ला आला. तेव्हापासून त्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "ग्रुपमधून सुटली आणि मग कळलं पोरीत काय दम आहे." लोक कौतुकानंच म्हणतात, तरी मला ते टोचतं. ज्या अकरा वर्षांत ती घडली ती वर्षं म्हणजे जणू कैद, आणि खरी जेड तोवर कुठेतरी गजाआड बसून होती, असा त्याचा अर्थ होतो. अल्बम नीट ऐकला तर ही समजूत टिकत नाही. का टिकत नाही ते सविस्तर लिहायचंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

ज्यांनी लिटल मिक्स फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमधल्या 'द एक्स फॅक्टर' या रिअ‍ॅलिटी शोमध्ये २०११ साली चार मुली एकट्या-एकट्या ऑडिशनला आल्या होत्या. पेरी एडवर्ड्स, जेसी नेल्सन, ली-अ‍ॅन पिनॉक आणि जेड. कार्यक्रमानं आधी त्यांना दोन-दोन करून वेगळ्या ग्रुपांत टाकलं, ते जमलं नाही, मग या चौघींना एकत्र उभं केलं. त्या डिसेंबरमध्ये त्या जिंकल्या. तो शो जिंकणारा तो पहिलाच ग्रुप. पुढे सहा स्टुडिओ अल्बम, ब्रिटनमध्ये पाच वेळा पहिल्या क्रमांकाचं गाणं, आणि २०२१ मध्ये ब्रिट अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ब्रिटिश ग्रुपचा पुरस्कार. तो मिळवणारा तो पहिला मुलींचा ग्रुप. स्पाइस गर्ल्सनासुद्धा तो कधी मिळाला नव्हता! पुरस्कार घेताना त्यांनी त्यांच्या आधीच्या मुलींच्या ग्रुपांची नावं घेऊन आभार मानले होते, ते मला फार आवडलं होतं. मे २०२२ मध्ये लंडनच्या ओटू अरीनातल्या कार्यक्रमानंतर त्या थांबल्या. 'फुटल्या' नाहीत, थांबल्या, असं त्या स्वतः सांगतात आणि माझा त्यावर विश्वास आहे.

जेडच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. २०११ च्या आधी २००८ आणि २०१० मध्येही ती याच शोमध्ये आली होती, एकटी, आणि दोन्ही वेळा तिला परत पाठवलं होतं. पहिल्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. म्हणजे 'एकटी म्हणून तू पुरत नाहीस' हे तिला पोरवयातच दोनदा ऐकवून झालं होतं. मग चौघींत उभी केली तेव्हा ती जगाला आवडली. आणि आता चौघींतून बाहेर येऊन एकटी उभी राहिली तर तेच जग म्हणतं, बघा, ग्रुपनंच दाबून ठेवलं होतं हिला.

मी स्वतः शाळा-कॉलेजात कायम समूहगानात होते, पुढे काही वर्षं ऑर्केस्ट्रात कोरसला उभी राहायचे. कोरसमध्ये आधी ऐकायला शिकवतात. शेजारणीचा 'आ' किती उघडा आहे, ती कुठल्या अक्षरावर सूर सोडते, तिचा श्वास कुठे संपतो, हे सगळं कानात ठेवून आपला आवाज त्यात मिसळायचा. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर ओळीत भोक पडतं, म्हणून आळीपाळीनं श्वास चोरायचा. आपल्याला उंच स्वर सहज लागतो म्हणून तो लावायचा नाही, कारण तो आज दुसरीच्या वाट्याला आहे. हे जमायला वर्षं जातात. आणि जिला हे जमतं ती एकटी गायला उभी राहिली की लगेच ओळखू येते, कारण आवाज कुठे रोखायचा हे तिला कळत असतं. जेडच्या गाण्यात मला हेच ऐकू येतं. 'प्लास्टिक बॉक्स' ऐका. जोडीदाराच्या आधीच्या प्रेमांचा मत्सर वाटणं हा तसा लाज आणणारा विषय. एखादी असती तर तार सप्तकात जाऊन रडली असती. ही आवाज हलका ठेवते, जवळजवळ कुजबुजल्यासारखा, आणि स्वतःच्याच आवाजाचे थर मागे रचते. चार जणींचं काम ती एकटीच्या गळ्यातून करते आहे. हे कुठे शिकली असेल ती?

आता 'एंजल ऑफ माय ड्रीम्स'. जुलै २०२४ मध्ये आलेलं तिचं पहिलं सोलो गाणं, ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन-तीन गाणी एकमेकांत घुसलीत की काय असं वाटलं होतं. सुरुवातीला एक जुना आवाज, खेळण्यातून आल्यासारखा. मग जेड संथ आणि उंच पट्टीत, अगदी प्रेमगीताच्या थाटात. आपण त्या लयीत स्थिरावतो न स्थिरावतो तोच जाड, खरखरीत इलेक्ट्रॉनिक ठेका येऊन आदळतो आणि ती गाण्याऐवजी जवळजवळ बोलू लागते, तोऱ्यात, चिडून. पुन्हा ते उंच ध्रुवपद. पुन्हा वेग. ज्याला ती देवदूत म्हणते तो कुणी प्रियकर नाही. हा सगळा संगीताचा धंदा आहे, ज्याच्याशिवाय तिला करमत नाही आणि ज्यानं तिला पिळूनही काढलं. मधेच जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या नावावर केलेली एक शाब्दिक कोटी आहे, ती ज्यांना कळायची त्यांना बरोबर कळते.

तो सुरुवातीचा जुना आवाज सँडी शॉचा. १९६७ साली व्हिएन्नात ती अनवाणी स्टेजवर उभी राहून 'पपेट ऑन अ स्ट्रिंग' गायली आणि ब्रिटनला पहिल्यांदा युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा जिंकून दिली. गाण्याचा आशय असा की दोरी तुझ्या हाती, मी नाचणारी बाहुली. सँडी शॉला हे गाणं मनापासून आवडत नव्हतं, हे तिनं पुढे उघडपणे सांगितलं. तिची सगळ्यात मोठी ओळख बनलेलं गाणंच तिला नकोसं होतं! हा तुकडा उचलून जेडनं आपल्या पहिल्या गाण्याच्या तोंडाशी ठेवला. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या गळ्यात घातलेली दोरी तिनं शोधून काढली आणि म्हणाली, बघा, ही दोरी माझ्याही ओळखीची आहे. यासाठी गळा लागतो तसा अभ्यासही लागतो आणि ममत्वही.

अल्बमच्या उत्तरार्धात असाच दुसरा धागा आहे. 'बिफोर यू ब्रेक माय हार्ट'मध्ये साठच्या दशकातल्या सुप्रीम्स या अमेरिकन मुलींच्या ग्रुपच्या 'स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह'चा वापर केला आहे. सुप्रीम्सची डायना रॉस हे जेडचं लहानपणापासूनचं दैवत, आईकडून आलेलं. पण सुप्रीम्सची गोष्ट आठवली की माझ्या पोटात गलबलतं. डेट्रॉइटच्या वस्तीत हा ग्रुप सुरू केला तो फ्लॉरेन्स बॅलर्डनं. पुढे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनं डायनाला पुढे आणलं, १९६७ मध्ये ग्रुपच्या नावातच तिचं नाव आधी लावलं, आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सला बाहेर काढलं. डायना १९७० मध्ये बाहेर पडली, त्याच वर्षी तिचा पहिला सोलो अल्बम आला आणि ती जगाची झाली. फ्लॉरेन्सनंही सोलो अल्बम केला होता. दुसऱ्या कंपनीनं दोन सिंगल, म्हणजे सुटी गाणी, काढले, ते चालले नाहीत, आणि अल्बम दाबून ठेवला. तिच्या हयातीत तो बाहेर आलाच नाही. १९७६ मध्ये ती गेली, बत्तिसाव्या वर्षी. 'दम असेल तर एकटीनं दाखव' असं आपण सहज म्हणतो तेव्हा मला फ्लॉरेन्स आठवते. दम तिच्यातही होता. कंपनीनं कुणावर पैसा लावायचा हे ठरवलेलं होतं, बाकी काही नाही.

आपल्याकडचं उदाहरणही आहेच. २००२ मध्ये 'पॉपस्टार्स' या एकाच परदेशी कार्यक्रमाच्या साच्यातून ब्रिटनमध्ये गर्ल्स अलाउड निघाला आणि आपल्याकडे चॅनल व्हीवर 'विवा'. पाच मुली होत्या. नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतीची महापात्रा, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. माझ्या वयाच्या मुलींनी त्यांची गाणी गॅदरिंगमध्ये बसवली असतील. ग्रुप फार टिकला नाही. नेहा आणि अनुष्का पुढे दिसत राहिल्या त्या मुख्यतः सिनेमाच्या गाण्यांतून. ती गाणी सुंदर आहेत, तक्रार गाण्यांबद्दल नाही. पण आपल्याकडे पॉप ग्रुपमधून निघालेली वाट जवळजवळ नेहमी पार्श्वगायनाकडे वळते, जिथे चेहरा नायिकेचा आणि गोष्ट दिग्दर्शकाची. चौदा गाण्यांचा, स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या भांडणांचा आणि स्वतःच्या आईचा अल्बम करायला जी यंत्रणा लागते ती आपण उभीच केली नाही. म्हणून जेडचा अल्बम ऐकताना मला तिचा आनंद होतो आणि आपल्या त्या पाच जणींसाठी वाईटही वाटतं.

आईचा उल्लेख आला म्हणून सांगते. 'अनकंडिशनल' हे अल्बममधलं माझं सर्वांत लाडकं गाणं. जेडच्या आईला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, अनेक वर्षांचं दुखणं, आणि हे गाणं आईसाठी आहे. आईवरचं, आजारपणावरचं गाणं म्हटलं की पियानो आणि हुंदका असं समीकरणच झालंय. इथे धावता डिस्को आहे, सत्तरच्या दशकातला, सिंथेसायझर एका दमात पळतोय. ज्याला आपण बरं करू शकत नाही त्या माणसासाठी जीव कसा धावत सुटतो ते त्या ठेक्यात आहे. ज्यांच्या घरात असं दीर्घ आजारपण आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

जेडच्या आईकडचं मूळ येमेन आणि इजिप्तचं. जेड वाढली ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या साउथ शील्ड्स या बंदरात. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येमेनी खलाशांची वस्ती आहे. कोळशाच्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकायचं काम ही माणसं करायची, आणि त्यातली कितीतरी एडन बंदरातून निघालेली. हे एडन १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षं आपल्या मुंबई इलाख्यातून चालवलं जात होतं! मुद्द्याशी थेट संबंध नाही, पण हे वाचल्यापासून ती मला उगाचच थोडी जवळची वाटू लागली आहे. शाळेत असताना या मुळावरून तिला त्रास झाला, ते लपवावंसं वाटायचं, हे ती आता मोकळेपणानं बोलते.

अल्बममध्ये सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. चौदातली बरीच गाणी आधीच सिंगल म्हणून येऊन गेली होती आणि त्यातली बहुतेक सुरुवातीला लावलीत. त्यामुळे पूर्वार्ध आधीच पाठ असतो आणि उत्तरार्धाला जागा कमी पडल्यासारखी वाटते. 'फँटसी' मला अजूनही सजावटच वाटतं. 'मिडनाइट काउबॉय'मध्ये डौल भरपूर आहे, गाणं कमी. उलट शेवटचं 'सायलेंट डिस्को' इतकं मऊ आणि साधं आहे की तशी अजून दोन हवी होती. पण पहिल्याच अल्बममध्ये कुणी इतक्या दिशांना पळत असेल तर काही ठिकाणी ठेचकाळणारच. मला ते एका सुरात नीटनेटक्या बसवलेल्या अल्बमपेक्षा जास्त आवडतं.

आणि आता ते आकडे. अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला. त्याच दिवशी एड शीरनचाही अल्बम आला होता. तरी "तिसरा?" असा सूर लागलाच. त्यानंतर दोन आठवड्यांनी पेरीचा सोलो अल्बम आला, मग काय, दोघींना समोरासमोर उभं करून कोण सरस याच्या चर्चा. एका ग्रुपमधून आलेल्या मुलींना एकमेकींच्या मापानंच का मोजायचं? वन डिरेक्शन या मुलांच्या ग्रुपमधल्या झेन मलिकचा अल्बम आला, हॅरी स्टाइल्सचा आला, तेव्हाही तुलना झाली हे मला माहीत आहे. पण 'यातला खरा गायक कोण आणि बाकीचे नुसते उभे होते' ही उलटतपासणी मुलींच्या वाट्याला फार जास्त येते. म्हणजे चौघींतल्या तिघींना खोटं ठरवल्याशिवाय आपल्याला एकीचं कौतुक करताच येत नाही.

स्वतः जेड असं काही करत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तिला ब्रिट अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पॉप कलाकाराचा पुरस्कार मिळाला, एकटीला. त्याच उन्हाळ्यात ती ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात गायली, अल्बम यायच्या आधी, नवी गाणी लोकांपर्यंत पोचवायची गरज असताना. आणि त्या मोजक्या वेळातही तिनं लिटल मिक्सच्या गाण्यांची मेडली घेतली. सोलो नाव मिळवू पाहणारे अनेक जण वर्षानुवर्षं जुन्या ग्रुपची गाणी टाळतात. हिनं ती मधोमध ठेवली. त्या मेडलीची क्लिप सापडली तर जरूर बघा. आणि अल्बम ऐकायचा असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा, म्हणजे मागे रचलेले आवाज ऐकू येतील. 'अनकंडिशनल'पासून सुरू केलंत तरी चालेल.