गाण्यांची यादी नंतर, आधी पाहुण्यांची यादी दाखवा

गेल्या काही वर्षांत माझ्या नात्यात आणि मित्रमंडळींत ज्यांची लग्ने झाली, त्यांपैकी बऱ्याच जणांनी रिसेप्शनच्या आधी मला एकच निरोप धाडला आहे : "ताई, नाचायच्या गाण्यांची तुझी यादी पाठव ना." असा निरोप आला की मी उलट त्यांच्याकडे पाहुण्यांची यादी मागते. त्यांना हा शिष्टपणा वाटतो. परंतु कोणासाठी वाजवायचे हे ठरल्याखेरीज काय वाजवायचे हे ठरवता येत नाही, असे माझे आता पक्के मत झाले आहे, आणि हे मत मी कुठे वाचलेले नाही, स्वतःची यथास्थित फजिती करून घेऊन कमावलेले आहे.

ती फजिती मावसबहिणीच्या रिसेप्शनला झाली. घरात मला गाण्यातले थोडेफार कळते असा एक गैरसमज आहे, त्यामुळे संगीताची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी ती कमालीच्या गांभीर्याने घेतली. तीन आठवडे रोज रात्री हेडफोन लावून मी १४० गाण्यांची यादी केली. सरासरी साडेतीन मिनिटांचे एक गाणे धरले तर ती आठ तासांहून अधिक होते आणि आमच्या हाती होते तीन तास, हा साधा हिशेबही मी केला नव्हता. पहिली तीन गाणी बरी गेली. चौथे गाणे माझे अत्यंत आवडते होते. त्याच्या सुरुवातीला व्हायोलिनचा एक सुरेख तुकडा आहे आणि तो पन्नास सेकंद चालतो. घरी ऐकताना हे पन्नास सेकंद कधी सरतात ते कळत नाही, पण झगझगीत उजेडात, चारचौघांच्या नजरेसमोर, हात अर्धवट वर करून उभ्या राहिलेल्या माणसाला ते फार लांब वाटतात. आधी एकाने हात खाली घेतले. मग दुसऱ्याने खिशातला फोन काढून पाहिला. एकीला पाणी प्यायचे आठवले आणि तिच्या मागून आणखी चौघींना तहान लागली. ठेका सुरू झाला तेव्हा फ्लोअरवर दोन लहान मुले आणि मी, एवढेच उरलो होतो.

चूक कुठे झाली हे मला घरी परतताना उमगले. मी सगळी गाणी बसून निवडली होती. ऐकण्याचे गाणे आणि नाचण्याचे गाणे यांच्यात जो फरक आहे तो कानाला कळत नाही, पायाला कळतो. म्हणून आता मी प्रत्येक गाणे खोलीचे दार लावून उभी राहून ऐकते आणि पहिल्या दहा सेकंदांत पाय हलला नाही तर ते गाणे कितीही गुणी असो, बाजूला ठेवते. सुरुवातीचा लांबलचक तुकडा कापून गाणे थेट ठेक्यापासून सुरू करणे हे कोणत्याही डीजेला क्षणाचे काम असते. ते त्याला आधी सांगून ठेवायला मात्र हवे.

लयीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण यादी करणारे नेमके इथेच घाई करतात. सहज चालताना माणसाची पावले मिनिटाला साधारण ११० ते १२० पडतात आणि नृत्याची लोकप्रिय गाणी मोठ्या संख्येने याच गतीच्या आसपास, म्हणजे ११५ ते १३० ठोक्यांच्या घरात असतात. ज्याला नाचता येत नाही त्यालाही या गतीवर निदान जागच्या जागी चालता येते आणि रिसेप्शनमध्ये बहुसंख्य लोक प्रत्यक्षात तेवढेच करत असतात. गाण्याची गती मोजायला यंत्र लागत नाही : पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चाराने गुणावे. ही संख्या गाण्यापुढे लिहून ठेवली की क्रम लावताना डोळ्यांना दिसते की आपण १२८ वरून एकदम ८४ वर उडी घेतली आहे, आणि अशा उडीला फ्लोअर रिकामा होतो. गती चार-पाच ठोक्यांनी सरकत गेली तर लोकांना ती कळतही नाही. व्यावसायिक डीजे तर दोन गाण्यांच्या गती जुळवूनच घेतात. टेक्निक्स कंपनीच्या १९७९ सालच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर, म्हणजे तबकड्या वाजवण्याच्या यंत्रावर, गती ८ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक करणारी सरकपट्टी होती, तिने या कामाला मोठा हातभार लावला. आज तीच सरकपट्टी लॅपटॉपच्या पडद्यावर दिसते.

गती जुळली म्हणजे सगळे जमले असे नाही. ठेका अगदीच सरळसोट असला तर शरीर कंटाळते आणि फार आडवळणाचा असला तर बावचळते. २०१४ साली 'प्लॉस वन' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले होते की, ज्या ठेक्यांत आघात अपेक्षित जागेवरून मध्यम प्रमाणात मुद्दाम चुकवलेले होते त्यांवर लोकांना हलावेसे सर्वाधिक वाटले, अगदी सोप्या आणि अगदी गुंतागुंतीच्या ठेक्यांवर कमी. आपल्याकडे तबल्याशी ज्यांचा थोडाही संबंध आला आहे त्यांना हे नवीन नाही. सम सापडत राहिली पाहिजे, पण ती हातात आणून ठेवलेली नको. सात मात्रांचे किंवा पाच मात्रांचे गाणे मात्र, ते कितीही अप्रतिम असले तरी, मी या प्रसंगापुरते वर्ज्य मानते. दोन पाय आणि सात मात्रा यांची गर्दीत गाठ घालून देणे हे क्रौर्य आहे.

आता पाहुण्यांच्या यादीकडे येते. माणसाला पौगंडावस्थेत आणि विशीच्या आरंभी ऐकलेली गाणी आयुष्यभर अधिक ठळकपणे आठवतात, हे मानसशास्त्राने अनेकदा तपासून पाहिले आहे. याचा उपयोग अगदी सरळ आहे. रिसेप्शनला येणारे पाहुणे वयोगटांनुसार मोजावेत आणि प्रत्येक गट पंधरा ते बावीस वर्षांचा असताना काय वाजत होते ते शोधावे. पासष्ट वर्षांच्या पाहुण्याला सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे गाणे खुर्चीवरून उठवते. नवरा-नवरीला ते गाणे जुनाट वाटते आणि इथेच खटका उडतो, कारण "लग्न आमचे आहे" हे त्यांचे म्हणणे चुकीचे नसते. माझे म्हणणे इतकेच की, लग्न तुमचे असले तरी नाचायला पाहुणे लागतात. ज्या यादीत केवळ तुमच्या कॉलेजच्या दिवसांची गाणी आहेत, तिच्यावर तुमचे कॉलेजचे मित्र नाचतील आणि उरलेले शंभर-दीडशे लोक त्यांना नाचताना पाहतील.

शिवाय ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुले लवकर निघतात. त्यांची गाणी रात्री उशिरा लावली तर ती ऐकायला फक्त खुर्च्या उरतात. म्हणून माझ्या क्रमात पहिला तास त्यांचा असतो. जुन्या गाण्यांवर तरुण मुले आनंदाने नाचतात, हवे तर थोडी थट्टा करत नाचतात, पण नाचतात. नव्या गाण्यांवर आजोबा नाचतीलच याची तितकी खात्री देता येत नाही.

ही गोष्ट मला एका आत्याने शिकवली, अर्थात तिला त्याचा पत्ता नाही. चुलतभावाच्या रिसेप्शनला मी फ्लोअरकडे न पाहता कडेच्या खुर्च्यांकडे पाहत बसले होते. आत्याच्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, चेहरा एखाद्या परीक्षकासारखा. तिच्या तरुणपणचे एक गाणे लागले. चेहऱ्यावर काहीही उमटले नाही, पण खुर्चीखाली उजव्या चपलेचा पुढचा भाग उचलून ठेवला, उचलून ठेवला, असे सुरू झाले. दुसऱ्या कडव्यापर्यंत मान हलू लागली. मग तिने पर्स शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठेवली, आणि ती पर्स हातातून सुटली त्याच क्षणी मला कळले की आता ही उठणार. ती उठली, तिने आणखी दोघींना ओढले आणि पुढची वीस मिनिटे तिघी खाली बसल्या नाहीत. तेव्हापासून मी डीजेला सांगते की, नाचणाऱ्यांकडे पाहू नका, बसलेल्यांच्या पायांकडे पाहा. त्या पायांना ठेका मिळाला असेल तर पुढचे गाणे त्याच काळातले द्या, तिथे नवे काही आणू नका.

शब्दांकडे लोकांचे लक्ष नसते असे समजून शब्द न तपासता गाणी निवडली जातात, ते मला पटत नाही. ठेका उत्साहाचा असतो आणि शब्द ताटातुटीचे असतात, अशी गाणी ढिगाने आहेत. डॉली पार्टन यांचे १९७४ साली आलेले 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणे जगभर लग्नांत वाजते, पण ते लिहिले गेले आहे साथ सोडून जाणाऱ्याच्या तोंडून, निरोपासाठी. यावर कोणी म्हणेल की सूर गोड आहे, शब्द कोण ऐकतो? लग्नाच्या चित्रफितीत ते शब्द कायमचे राहतात आणि पुढे कधीतरी शांतपणे पाहताना ऐकू येतात. अश्लील शब्दांचेही तसेच. सभ्यतेच्या कल्पना बदलत राहतात हे मला मान्य आहे. आज अत्यंत शालीन समजल्या जाणाऱ्या वॉल्ट्झ नृत्यावर १८१६ साली लंडनच्या 'द टाइम्स'ने असभ्य म्हणून झोड उठवली होती. म्हणून मी बंदीच्या बाजूची नाही. पण जे गाणे लागल्यावर अर्ध्या पाहुण्यांना दुसरीकडे पाहावे लागते, ते नाचासाठी निवडलेले गाणे म्हणून अपयशी आहे, एवढे म्हणायला नीतिमत्तेची गरज नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सार्वजनिक मनोरंजनाच्या जागांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यात पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली आहे, आणि कानांना विसावा मिळेल अशी शांत जागा असावी असेही म्हटले आहे. १०० ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे "जरासाच वाढवला" या वाक्याला काही अर्थ नसतो. उपाय साधा आहे : स्पीकरची तोंडे फ्लोअरकडे वळवावीत, बसलेल्यांकडे नव्हे, आणि ज्येष्ठांच्या खुर्च्या स्पीकरपासून शक्य तितक्या दूर मांडाव्यात. ज्यांना बोलायचे आहे त्यांना बोलता आले तर ते थांबतात, आणि थांबले तरच पुढे कधीतरी नाचायला उठतात. आवाजाने पळवून लावलेला पाहुणा परत येत नाही.

डीजे न ठेवता फोनवरच गाणी लावणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, गाणी आधी उतरवून घ्या आणि शक्यतो वायरने जोडा. शिवाय १९९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणे अधिकाधिक मोठ्या आवाजात तयार करण्याची चढाओढ लागली, त्यामुळे जुन्या गाण्यामागून नवे लागले की ते अंगावर येते. आवाज सारखा करण्याची सोय बहुतेक अ‍ॅपांत असते, ती चालू करा.

डीजे असेल तर त्याला १४० गाणी देऊ नयेत, हे माझ्या अनुभवावरून सांगते. तीन तासांत पूर्ण लांबीची पन्नासच गाणी बसतात. डीजे ती दोन-दोन मिनिटांवर कापतो, तेव्हा नव्वदच्या आसपास होतात. त्यांतली हमखास हवीत अशी दहा-बारा सांगावीत, नकोत ती पाच-सहा स्पष्ट लिहून द्यावीत, आणि बाकीचे त्याच्यावर सोपवावे. नकोची यादी अधिक महत्त्वाची आहे, कारण समारंभात एखादे काका डीजेच्या टेबलाला टेकून फर्माइशी करू लागतात आणि परक्या डीजेला त्यांना नाही म्हणता येत नाही. हातात लेखी कागद असला की त्याला घरच्यांचे नाव पुढे करता येते.

नवरा-नवरीच्या एकट्याच्या नाचाचे गाणे दीड मिनिटावर आणावे. साडेतीन मिनिटे दोघांनीच नाचायचे म्हटले की शेवटची दोन मिनिटे ते एकमेकांच्या कानात "अजून किती आहे?" एवढेच विचारत असतात.

शेवटचे गाणे संपले की "अजून एक, अजून एक" असा गलका होतोच. त्यासाठी सगळ्यांना तोंडपाठ असलेले एखादे गाणे मुद्दाम शिल्लक ठेवावे, पण ते कोणत्याही यादीत लिहू नये, डीजेच्या कानात ऐनवेळी सांगावे. त्याच चुलतभावाच्या वेळी मी ते लिहून दिले होते, आणि डीजेने ते पहिल्याच अर्ध्या तासात वाजवून टाकले.