शाल राहू द्या, एक माणूस द्या

आज तान्हा पोळा. गावी गेले होते, काटोल तालुक्यात. आत्ताच नागपूरला परत आले आणि डोकं इतकं तापलंय की भांडी तशीच सिंकमध्ये टाकून लिहायला बसले. लांब होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या गावात तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लाकडी बैल घेऊन मारुतीच्या देवळासमोर रांगेत उभी राहतात. चांगल्या सजावटीला बक्षीस, बाकी सगळ्यांना बिस्किटाचा पुडा. त्या रांगेत माझा बापूकाका पण असतो. वय छप्पन्न, बाबांचा धाकटा भाऊ, बौद्धिक अक्षमता असलेला. बैल आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला, चाकाचा. एक शिंग मोडलं होतं ते फेविकॉलने बसवलंय, थोडं तिरपं. पोरांना त्यात काही विचित्र वाटत नाही. "बापूकाका, तुहा बैल पुढं घे ना गा," म्हणतात आणि भांडतात पण त्याच्याशी.

यंदा मंडळाने नवीन टूम काढली. 'आदर्श बंधू' सत्कार. कोणाचा, तर माझ्या बाबांचा. का, तर आजी-आजोबा गेल्यावर 'अशा' भावाला सांभाळलं. मग स्टेजवर दोघं भाऊ पाहिजेत ना, म्हणून काकाला बैलासकट रांगेतून उचलून वर नेलं. माईकवाल्यांनी राम-लक्ष्मण काढले, भरत काढला, "आजच्या कलियुगात" झालं, बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाबा खाली मान घालून उभे. काका रांगेकडे बघतोय, कारण तिकडे पुडे वाटायला सुरुवात झाली होती. कार्यक्रम संपेपर्यंत पुडे संपले. एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही की याचा एक बाजूला ठेवावा.

घरी येईपर्यंत "पुडा? पुडा?" चालू. मी दुकानातून तोच पुडा आणून दिला. बघितला, म्हणाला, "हा नाई." बरोबरच आहे त्याचं. रांगेतला तो वेगळा.

आणि या सत्काराच्या वेळी माझी आई कुठे होती? घरी. पुरणाची भांडी घासत. तिला बोलावलंच नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, इथे नागपुरात. आई गावीच थांबली, कारण काका. पहिल्या रात्री तिने त्याचं ताट वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात. काका ताटासमोर बसला आणि बसूनच राहिला. आई म्हणाली, "जेव ना बापू." नाही. शेजारच्या काकू आल्या, लाडीगोडी लावली. नाही. तेव्हा आईच्या लक्षात आलं की इतकी वर्षं ताट ती वाढते, पण "जेव बापू" बाबा म्हणतात, आणि मग तो पहिला घास घेतो. कोणी ठरवलेलं नाही, सवय पडत गेली. रात्रभर उपाशी, सकाळीही तेच. शेवटी आईने दवाखान्यात फोन लावला, स्पीकरवर टाकला. बाबांच्या हाताला सलाईन, आवाज खोल गेलेला. "जेव बापू." आणि हा जेवायला लागला. डिस्चार्जपर्यंत दोन्ही वेळ तो फोन. एकदा घरात रेंज नव्हती तर आई मोबाईल घेऊन गच्चीवर, आणि मागून जिना चढतोय काका, हातात वाढलेलं ताट!

हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो हसला आणि मग म्हणाला, "काय प्रेम आहे गं!"

हो, आहे प्रेम. मला माहीत आहे, मी त्या घरात वाढले. पण मला तेव्हा पोटात गोळा आला होता. एका धडधाकट माणसाचं जेवण सहासष्ट वर्षांच्या दुसऱ्या माणसाच्या आवाजावर आणि मोबाईलच्या एका दांडीवर टांगलेलं आहे, आणि तुम्हाला त्यात राम-लक्ष्मण दिसतात?

काकाला काय येत नाही ते सगळे सांगतात. काय येतं ते माझ्याकडून ऐका. त्याला मोजता येत नाही, पण संध्याकाळी बकऱ्या आणल्या आणि त्यात एक कमी असली की तो फाटकाशी उभा राहतो, आत येत नाही. संत्र्याच्या बागेतली गळ झालेली फळं तो अशी वेचतो की झाडाखाली एक राहत नाही. आंघोळ स्वतः करतो, पाणी भरतो, दारात पाहुणा आला की खाट टाकतो. सरकारी सर्टिफिकेटवर तो 'मध्यम' अक्षमतेचा आहे, 75 टक्के. ते काढायला गेलो तेव्हा त्याला समोर मांडलेले ठोकळे लावता आले नाहीत. कसे येणार? त्याने आयुष्यात ठोकळा पाहिला नव्हता. असो, तपासणाऱ्यांचं काम ते करत होते, आणि टक्के लागले म्हणून पेन्शन लागली, हेही खरं.

म्हणजे या माणसाला अजून बरंच काही शिकवता आलं असतं. शिकवलं नाही, कारण गरज कोणाला होती? आजी म्हणायची, लहानपणी ताप डोक्यात गेला. मोठा झाला तेव्हा गावात 'तशा' पोरांची शाळा कुठली? आजी होती तोवर आजी. मग बाबा. "दादा आहे ना" या एका वाक्यावर अख्खं खानदान, गाव आणि सरकार आपापल्या घरी गेलं. कोणी त्याला दुसऱ्याच्या हातून जेवायला शिकवलं नाही, दुसऱ्याच्या घरी एक रात्र झोपायला शिकवलं नाही. आणि आता तो एकाच माणसावर अवलंबून आहे म्हणून त्या माणसाला शाल! अहो, अवलंबून तुम्ही केलंत. बाकी सगळ्यांनी खांदा काढला की तिरडी एकाच्या खांद्यावर येणारच.

माझा धाकटा काका पुण्याला असतो. आज फॅमिली ग्रुपवर सत्काराचा फोटो पडला, पाच मिनिटांत त्याचं आलं, "प्राऊड ऑफ यू दादा", खाली सहा हृदयं. तो पैसे पाठवतो, वेळेवर पाठवतो, ते नाकारत नाही. पण हर्नियाच्या वेळी "मी येऊन राहतो चार दिवस" हे वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही. दोन्ही आत्यांच्या पण नाही. आत्यांच्या घरी त्यांची सासरची माणसं, त्यांचं एक वेळ समजू शकते. त्याचं नाही समजत.

आणि आईचं तर कोणी नावच घेत नाही. लग्न ठरवताना तिच्या माहेरी सांगितलं होतं, "धाकटा दीर जरा भोळा आहे." बस. हा भोळेपणा तिने जन्मभर धुतला, वाळवला, घड्या घातल्या. काकाला फिट यायची तेव्हा रात्री उठून बसणारी ती. भावावर अवलंबून आहे म्हणता ना, जरा घरात डोकावून बघा, तो वयनीवर अवलंबून आहे. तरी "जेव बापू" चालतं ते दादाचंच, हे तिला लागत नसेल? मी एकदा विचारलं. म्हणाली, "लागाचं काय त्यात? त्याचा भाऊ हाय." आणि तुरीच्या शेंगा सोलत बसली. माझ्या आईचा मला कधी कधी रागच येतो.

शहरातली माझी मित्रमंडळी दुसऱ्या टोकाची. "संस्थेत का नाही ठेवत?" आधी तर गावातल्या एकाने "नागपूरच्या पागलखान्यात टाका" असंही सुचवलं होतं. त्याला सांगून दमले की बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, 2016 च्या दिव्यांग कायद्यात पण वेगळ्या आहेत, काका आजारी नाही. चांगल्या निवासी संस्था आहेत, मी पाहिल्यात, आणि काही घरांना त्याशिवाय पर्यायच नसतो, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण काकाला मी माझ्या मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. चपला घालून दाराशी बसला. "बकऱ्या?" टीव्ही लावला, तर टीव्हीकडे पाठ. त्याला त्याच्या गावातून उचललं की त्याला जे जे येतं ते सगळं गावातच राहतं, आणि शहरात पोचतो तो नुसता 75 टक्के.

मग कागद. तुम्हाला वाटत असेल सख्खा भाऊ म्हणजे झालं. नाही. माणूस अठराचा झाला की कायद्याने तो सज्ञान, आणि मग आईबापसुद्धा आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, भाऊ तर लांबच. त्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. सातबारावर काकाचं नाव आहे (बाबांनी ते कमी होऊ दिलं नाही, चुलत्यांनी पुष्कळ सुचवून पाहिलं), सामाईक खातं, पीककर्जाला त्याची संमती लागते. बँकेतला माणूस म्हणाला, "तुम्ही भाऊ असाल, पण याच्या वतीने तुम्ही कोण?" बाबा बाहेर येऊन पायरीवर बसले. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नियम चुकीचा नाही, मान्य. भोळ्या भावाचा अंगठा घेऊन वावर लाटणारे आमच्याच पंचक्रोशीत आहेत. पण मग कोणी तरी हेही सांगा ना की कागद कुठे मिळतो!

योजना आहेत. संजय गांधी निराधारचे दीड हजार होते, आता अडीच हजार झाले, चांगलं झालं. निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तो आम्हाला फार उशिरा कळला. ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी खर्च करायचा असतो. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांमध्ये 'समर्थ', म्हणजे सांभाळणाऱ्याला थोडा विसावा मिळावा म्हणून काही दिवसांची सोय, आणि 'घरौंदा', कायम राहण्यासाठी, अशा दोन होत्या, आता त्यांची एकच 'समर्थ-कम-घरौंदा' केली आहे. कागदावर वाचलं की डोळे भरून येतात. आमच्या गावापर्यंत यातलं काय पोचलं, तर आज शाल पोचली.

जरा शांत होते.

सत्कार करणारी माणसं वाईट नाहीत. त्यातलेच दोघं जण काका एकदा पावसात चुकला होता तेव्हा बॅटऱ्या घेऊन नाल्यापर्यंत गेले होते. आणि बाबा खूश होते, हेही सांगून टाकते. शाल घडी करून कपाटात ठेवली त्यांनी, आजोबांच्या फोटोखाली. म्हणून तिथे तोंड उघडलं नाही, इथे उघडतेय.

आता कामाचं. दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ती माझ्याकडे राहणार, महिनाभर तरी. गावी बाबा आणि काका. "जेव बापू" म्हणायला बाबा आहेत, पण ताटात वाढणार कोण? बाबांना चहा पण येत नाही, ते आदर्श बंधू आहेत. तर काटोल-कळमेश्वर भागात कोणी बाई किंवा बुवा माहीत असेल, जे आमच्या घरी येऊन राहतील, दोन वेळचा स्वयंपाक, कपडे, आणि काकाच्या फिटच्या गोळ्या वेळेवर, तर मेसेज करा. पगार व्यवस्थित देऊ. दिवाळीच्या आधीच येऊन आईच्या हाताखाली काही दिवस राहिलं तर उत्तम, म्हणजे काकाला सवय होईल. आणि मला असं करून बघायचंय की त्या दिवसांत बाबांनी गप्प बसायचं आणि "जेव" त्या माणसाने म्हणायचं. दोन-तीन वेळा ताट तसंच राहील बहुतेक. राहू दे.

पालकत्वाचा अर्ज ज्यांनी नागपूर जिल्ह्यात केलाय त्यांनी कागदपत्रांची यादी टाका, इथेच टाका म्हणजे बाकीच्यांनाही मिळेल. हात जोडलेले इमोजी नकोत. बकऱ्या किती आहेत असं कोणी तरी विचारणार म्हणून आधीच सांगते, त्यांचं काम सांगणार नाही, त्या काका बघतो.