डिझेलमधलं गंधक गेलं म्हणून पंप बसत नाहीत

केळीच्या गाड्या भरायला लागल्या की रावेर-सावद्याकडच्या ट्रकवाल्यांच्या आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: सरकारने डिझेलमधलं गंधक काढून टाकलं. गंधक हेच डिझेलचं वंगण होतं. आता डिझेल कोरडं झालंय, म्हणून जुन्या गाड्यांचे पंप आणि नोझल जळतायत. हे सगळं नव्या गाड्या खपवण्यासाठी चाललंय. उपाय एकच, दर दहा लिटरला 100 मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घाला. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत: लॅबवाल्यांचं ऐकू नका, तीस वर्षं हात काळे केलेल्या मिस्त्रीचं ऐका. खाली कुणीतरी लिहितंच, 'डिझेलमा आते दम नही ऱ्हायना.'

जळगावात डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) आणि नोझल (ते डिझेल आत फवारणारं) दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. या मेसेजमुळे लोक पैसे घालवतात आणि खरा बिघाड तसाच राहतो, हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

'गंधक हेच वंगण होतं.' मेसेजमधला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच, कारण यात थोडं खरं आहे. पण वंगण गंधकाचं नव्हतं. रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला ते जास्त दाबाखाली, तापवून हायड्रोजनसोबत एका उत्प्रेरकावरून नेतात. त्यात गंधक जातं, आणि त्याच्याबरोबर ऑक्सिजन-नायट्रोजन असलेले काही घटकही जातात. धातूला चिकटून पातळ थर धरायचं काम या घटकांचं. ते गेले की डिझेलचा वंगणगुण खरोखर कमी होतो. 1990 नंतर स्वीडनमध्ये अगदी कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा तिथे पंप लवकर झिजले, हा इतिहास आहे. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं.

पुढचं असं की तो अनुभव आल्यावर वंगणगुणासाठी स्वतंत्र चाचणी आणि स्वतंत्र मर्यादा ठरली. रिफायनरीतून डिझेल निघण्याआधी त्यात वंगणगुण देणारं रसायन मिसळतात. ते बहुधा तेलातल्या आम्लांपासून बनवलेलं असतं आणि दहा लाख भागांत शे-दोनशे भाग पुरतं. मग चाचणी होते. 2 मिलिलिटर डिझेलमध्ये बुडालेल्या पोलादी चकतीवर 6 मिलिमीटरची पोलादी गोळी 200 ग्रॅम भाराने टेकवतात. डिझेल 60 अंशांवर ठेवतात. गोळी एका मिलिमीटरच्या अंतरात सेकंदाला 50 वेळा मागेपुढे घासते, सलग 75 मिनिटं. नंतर गोळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिच्यावर पडलेला झिजेचा डाग मोजतात. भारतीय मानकाप्रमाणे तो डाग 460 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असून चालत नाही. बीएस-6 (गाड्यांच्या धुराचं सध्याचं भारतीय मानक) डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत 10 भाग असलं, तरी त्याला ही मर्यादा पाळावीच लागते. गंधक काढल्याने जे कमी होतं ते भरून दिल्याशिवाय ते डिझेल मानकात बसतच नाही.

गंधक इंजिनला काय देत होतं तेही सांगायला हवं. ते जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो, त्यातला काही भाग पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल बनतो. ते आम्ल लायनर-रिंग खातं आणि इंजिन ऑइलमधले आम्ल मारणारे घटक संपवतं. ज्याला वंगण म्हणून हळहळतोय, त्याने इंजिन आतून कुरतडलं जात होतं.

'हे आत्ता आत्ता झालं.' नाही. 1996 च्या सुमारास आपल्याकडच्या डिझेलमध्ये दहा लाखांत 10,000 भागांपर्यंत गंधक चालायचं. 2000 मध्ये मर्यादा 2,500 वर आली, 2005 मध्ये देशभर 500, 2010 मध्ये 350, 2017 मध्ये 50 आणि 1 एप्रिल 2020 पासून 10. म्हणजे सगळ्यात मोठी उतरण 2000 च्या आसपासच होऊन गेली. ज्या ट्रॅक्टरचा पंप आज बसला, त्याने जवळपास सगळं आयुष्य कमी होत जाणाऱ्या गंधकावरच काढलंय. एसटीच्या आगारांतल्या जुन्या बसही याच डिझेलवर धावतात.

'जुन्या गाड्यांचे पंप-नोझल जळतायत.' पंप बसतात, ते मी नाकारत नाही. प्रश्न कशाने बसतात हा आहे, आणि त्याचं उत्तर प्लंजरवर, म्हणजे पंपात डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर, लिहिलेलं असतं. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ती नळी, म्हणजे बॅरल, यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. प्लंजर काढून डिझेलने धुवायचा आणि दिव्याखाली फिरवून बघायचा. वरच्या कडेला, हेलिक्सजवळ (तिरप्या खाचेजवळ) उभे ओरखडे आणि त्यांच्यामुळे मंद झालेला पट्टा असेल, तर धूळ आत गेलेली आहे: फिल्टर वेळेवर बदललेला नाही किंवा स्वस्तातला बसवलाय. तांबूस-काळे ठिपके, बारीक खड्डे असतील तर पाणी. वंगण कमी पडल्याची झीज वेगळी दिसते. तिथे घासून सपाट झालेली, धातू ओढल्यासारखी जागा असते, आणि ती रोटरी पंपात (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) आधी दिसते, कारण त्या पंपाच्या सगळ्या हलत्या भागांना वंगण डिझेलचंच. इनलाइन पंपात (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या) प्लंजर ढकलणारा कॅम सहसा इंजिन ऑइलमध्ये फिरतो. डिझेलचं वंगण लागतं ते फक्त प्लंजरला.

माझ्याकडे येणाऱ्या कामात पाणी आणि धूळ यांचाच भरणा असतो. कारण शोधायला लांब जायला नको. शेतावरच्या शेडमध्ये अर्धं भरलेलं डिझेलचं पिंप उभं असतं. दिवसा तापतं, रात्री गार होतं, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि तळाशी पाणी साचतं. पावसाळ्यात झाकणावर थांबलेलं पाणीही आत झिरपतं. मग पाइप थेट तळाशी घालून ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओढतात. वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत कुणी उघडलेला नसतो.

दुसरं कारण भेसळ. रॉकेल मिसळलं की डिझेल पातळ होतं आणि त्याचा वंगणगुण खरोखर घसरतो. तिसरं कारण, महामार्गालगत 'बायोडिझेल' म्हणून विकलं जाणारं स्वस्त तेल. खरं बायोडिझेल शेकडा दोन भाग मिसळलं तरी वंगणगुण चांगला वाढतो. पण रस्त्याकडेला त्या नावाने जे मिळतं ते कशाचं आहे याची कुणी हमी देत नाही. गुजरातच्या हद्दीत डिझेल स्वस्त म्हणून नवापूरच्या पुढे टाकी भरणारे बरेच आहेत. अधिकृत पंपावर भरत असतील तर हरकत नाही, मानक देशभर एकच आहे. लिटरमागे आणखी काही रुपये वाचवायला रस्त्याकडेच्या टाकीवाल्याकडे गेलात, तर नंतरचा दोष गंधकावर टाकू नका.

एक जुनी तक्रार मात्र खरी आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. गंधक काढताना डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही थोडे कमी होतात. जुन्या पंपांतली नायट्रिल रबरची सील या घटकांमुळे फुगलेली राहायची. ते कमी झाले की सील आकसतं आणि गळती लागते. अमेरिकेत 1993 मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा काही जुन्या गाड्यांत असं झालं होतं. तुमच्या वीस-पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरचा पंप पाझरत असेल, तर सील किट बदला, व्हायटनचं (इंधनात जास्त टिकणाऱ्या रबराचं) मिळालं तर उत्तम. टू-टी ऑइलने कडक झालेलं रबर नवं होत नाही.

'डिझेलमध्ये दम राहिला नाही.' लिटरमागची ऊर्जा कमी होते, पण ती शेकडा एकच्या आसपास. टायरमधली हवा आणि नोझलचा फवारा यांनी यापेक्षा जास्त फरक पडतो.

'नव्या गाड्या खपवण्यासाठी केलं.' इथे मेसेज कारण आणि परिणाम उलटे लावतो. बीएस-6 गाडीत धूर गाळणारा फिल्टर आणि उत्प्रेरक असतात. जास्त गंधक मिळालं तर उत्प्रेरक निकामी होतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून नव्या गाडीला जास्त गंधकाचं डिझेल चालत नाही, जुन्या गाडीला मात्र कमी गंधकाचं चालतं. जुनी गाडी मोडीत काढायला हे डिझेल फार निरुपयोगी हत्यार आहे.

'टू-टी ऑइल घाला.' जुन्या इनलाइन पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये थोडं घातलं तर पंप काही बिघडणार नाही, पण जी गरज रिफायनरीत भागली आहे तिच्यावर तुम्ही पुन्हा खर्च करताय. बीएस-6 गाडीत मात्र चुकूनही घालू नका. तेलाची राख धूर-फिल्टरमध्ये अडकते, ती जळून जात नाही, आणि तो फिल्टर बदलायचा खर्च एखाद्या छोट्या वाहतूकदाराचं वर्ष बिघडवू शकतो. जळकं इंजिन ऑइल गाळून डिझेलमध्ये ओतणारेही आहेत. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, ती थेट त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत जाते.

'मिस्त्रीचं ऐका.' ऐकाच. पण कोणत्या गोष्टीत, ते ठरवून. कोणता भाग गेला, कशा प्रकारे झिजला, दुरुस्त होईल की बदलावा लागेल, यात चांगल्या मिस्त्रीचा हात कुणी धरणार नाही. डिझेलमध्ये गंधक किती आणि वंगणगुण किती, हे मात्र वास घेऊन, बोटांत चोळून किंवा रंग बघून कुणालाही कळत नाही, मलाही नाही. ते प्रयोगशाळेचं काम. आपल्या धंद्यात आणखी एक अडचण आहे: आमच्याकडे फक्त बिघडलेलीच गाडी येते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून निघालेल्या टँकरचं डिझेल गावातल्या पंपावर उतरतं, ते शंभर ट्रॅक्टरांत जातं. त्यातल्या ज्या एकाचा पंप बसतो तोच मला दिसतो, नव्व्याण्णव शेतात चालू असतात. दोष डिझेलचा असता तर सगळ्या गावाची रांग एकदम लागली असती. कोणतं डिझेल आणि कोणतं ऑइल चालेल, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं, तिथे माझं मत चालत नाही. आणि जो माणूस व्हिडिओच्या शेवटी डिझेलमध्ये घालायची बाटली विकतो, त्याचं मत विक्रेत्याचं मत म्हणून ऐका.

पेट्रोल पंपावर संशय आला तर घनता मोजून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. 15 अंशांवर आणलेली घनता टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरला 3 किलोहून जास्त इकडेतिकडे असेल, तर लगेच कंपनीकडे तक्रार करा. घनतेवरून रॉकेलचा संशय धरता येतो, गंधक आणि वंगणगुण कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा. पंप उघडला असेल तर जुना प्लंजर भंगारात टाकू देऊ नका. फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, तक्रारीच्या वेळी मेसेजपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.