‘भाव आणि हवामान, यात आयुष्य कुठे?’ : लॉराच्या डायरीवरील प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. सुरुवातच “ताई, भाबडेपणा आवरा” अशी. अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर हिच्या १८९४च्या, दक्षिण डाकोटा ते मिसुरी या प्रवासडायरीवर मी लिहिलेलं आपल्याला पटलं नाही, याबद्दल तक्रार नाही. पण अनोळखी बाईला ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात तिची अक्कल काढायची, ही कुठली रीत? लेखातलं काय चुकलं ते खोडायचं होतं, माझा वकूब मोजत बसायची गरज नव्हती.

आपलं बरोबर आहे ते आधी मान्य करते. शंभर डॉलरची नोट हरवून पुन्हा सापडल्याचा प्रसंग डायरीत आहे असं मी लिहिलं. तो डायरीत नाही. डायरी ३० ऑगस्टला, मिसुरीतल्या मॅन्सफील्डला पोचल्यावर थांबते. नोटेची हकिगत येते ती तिची मुलगी रोझ हिने १९६२ साली डायरी छापताना शेवटी जोडलेल्या मजकुरात. चूक माझी आहे.

आता आपलं ते वाक्य : “ही डायरी म्हणजे हवामान आणि पिकांचे भाव, यात बाईचं आयुष्य कुठे आहे?” एवढं ठासून लिहिण्याआधी त्या नोंदी आपण नीट वाचल्या का, हा माझा प्रश्न आहे.

१७ जुलैला सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी तिच्या कुटुंबाची घोडागाडी दक्षिण डाकोटातल्या डी स्मेटहून निघते. तीन मैल जात नाही तोच नोंद येते ती रशियन थिसलची. हे काटेरी तण १८७०च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून डाकोटात शिरलं. वाळलं की बुडाशी मोडतं, वाऱ्याबरोबर गडगडत जातं आणि वाटभर बी सांडतं. पाऊसमान बरं असलं तर दाट पीक त्याला सावलीत दाबून टाकतं. अवर्षणात पीक खुरटतं आणि हे माजतं. म्हणजे या एका शब्दात तिने मागच्या कोरड्या हंगामांची अवस्था सांगून टाकली आहे.

लगेच पुढे येतं : पीक ८ इंच उंच, एकरी दीड बुशेल उतरेल. आपण ओलांडून गेलात तो आकडा हा. गहू धरला तर बुशेल साधारण २७ किलोचा, म्हणजे एकरी ४० किलो. एकराला बियाणंच जवळपास तेवढं लागतं. पेरलं तेवढंच परत आलं. नांगरणी, कापणी, मळणी, घोड्यांचा दाणा, सगळं अंगावर. शिवाय ८ इंचांचं ताट कापणी-बांधणीच्या यंत्रात धड धरलं जात नाही, पेंढी बांधली जात नाही. अशा रानात तिचे कितीतरी वर्षांचे कष्ट गेले होते, आणि ते मागे टाकून जाताना तिने त्याचा हिशोब लिहिला. याला आपण आयुष्य म्हणणार नाही का?

१८८८चा डिप्थेरिया (घटसर्प), १८८९ साली गेलेलं तान्हं मूल, त्याच वर्षी जळालेलं घर, यांचा डायरीत शब्द नाही असंही आपण सुनावलंत. ती ४५ दिवसांची प्रवासवही आहे, आत्मचरित्र नव्हे. पण त्या डिप्थेरियानंतर तिचा नवरा, अल्मॅन्झो, पायाने अधू झाला होता. अशा घराला पुढची जमीन निवडताना चूक परवडणार नव्हती. म्हणून नेब्रास्का, कॅन्सस ओलांडताना ती माती कशी, पीक किती, जमिनीचा भाव काय, हे टिपत जाते. दिवसाला सरासरी १५ मैलसुद्धा नाही, असे ६५० मैल. वाटेत चुलीवर भांड्याखाली ठेवायच्या अग्निरोधक चकत्या विकायच्या, नाहीतर त्यांच्या बदल्यात खायला घ्यायचं. प्रवासाअखेर मॅन्सफील्डजवळ ४० एकर खडकाळ जमीन, एक ओंडक्यांचं खोपट आणि लावायची राहिलेली सफरचंदाची रोपं पदरात पडली. भावांच्या नोंदी घेत ती या व्यवहारापर्यंत आली आहे.

मोडीतल्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, मी बावीस वर्षं वाचते आहे, आणि कोरड्या नोंदी वाचायला मला कुणी शिकवावं अशी माझी स्थिती नाही. रोजकीर्दीत कुणी रडत नाही. ‘वैद्यास’ म्हणून चार दिवस रक्कम खर्ची पडते, पाचव्या दिवशी लाकडांचा खर्च लागतो. घरात काय घडलं ते वेगळं लिहावं लागत नाही.

लॉराच्या शिक्षिका असण्याबद्दल आपण लिहिलंत, “शिक्षिका कसली, पोरगीच ती”, यावर फार लिहीत नाही. तिसऱ्या श्रेणीचं का होईना, परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र, लग्नाआधी तीन सत्रं, पहिल्या शाळेत महिना २० डॉलर, आणि तो पैसा आंधळ्या बहिणीच्या शिक्षणाला. आपल्या व्याख्येत हे बसत नसेल तर तो दोष व्याख्येचा.

आपण काढलेला मूळ रहिवाशांच्या जमिनींचा मुद्दा माझ्या लेखाचा विषय नव्हता. एवढंच सांगते, की दक्षिण डाकोटातल्या जेम्स नदीच्या काठाकडे मागे वळून पाहताना तिने लिहिलंय : मी इंडियनांच्या (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) जागी असते तर ही भूमी सोडण्याआधी आणखी गोऱ्यांची डोकी सोलली असती. डायरी वाचून लिहिणाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य सुटत नाही.

नोटेबद्दलचा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.